मंगळवारच्या पानावरची शेवटची बातमी

भिमाजी आबांचं निधन झालं तेव्हा त्यांचा नातू विश्वजीत चार वर्षांचा होता, आणि ती बातमी आबांनीच त्याला मांडीवर घेऊन वाचून दाखवली होती. शेजारच्या वाडीत त्याच नावाआडनावाचे एक गृहस्थ वारले होते. वार्ताहराने फोटो मात्र सोसायटीच्या निवडणुकीच्या पत्रकातला उचलला, तो निघाला आबांचा. खाली ‘अल्पशा आजाराने निधन’. दुपारी दौंडचे मेव्हणे जीपभर माणसं घेऊन रडत आले. आबांनी सगळ्यांना चहा पाजला. मेव्हणे जरा नाराजच होऊन परतले, रजा टाकून आले होते.

दुसऱ्या दिवशी पेपरने खताच्या जाहिरातीखाली दोन ओळींची दिलगिरी छापली. आबांना ती पटली नाही. मेल्याची बातमी फोटोसकट आणि जिवंत असल्याची खताखाली, मग लोकांनी खरं काय धरायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी त्या मंगळवारचं पान लॅमिनेट करून खाटेवरच्या भिंतीला लावलं.

पानावर आणखी पाच बातम्या होत्या. ‘नदीवरचा पूल वर्षभरात.’ ‘दौंडपर्यंत विजेवरची गाडी धावणार.’ ‘कालव्याचे आवर्तन यंदा वेळेवर.’ ‘बिबट्या दोन दिवसांत पिंजऱ्यात.’ आणि तळाला चौकटीत, ‘कारखान्यांत स्थानिकांना कायम नोकऱ्या.’ एकही खरी झालेली नव्हती. जे पान पाचदा खोटं बोललं ते सहाव्यांदा तरी कशाला खरं बोलेल, या हिशोबाने आबा सुखाने झोपत.

पुढे पान हळूहळू खरं व्हायला लागलं. तेरा वर्षांनी पूल झाला. सगळं गाव पेढे खात होतं, आबा दोन दिवस जेवले नाहीत. दौंडला विजेची गाडी आली तेव्हा त्यांनी पेटीची किल्ली कुठं असते ते घरातल्यांना दाखवून ठेवलं. बिबट्या सापडला, तर हा तो नव्हेच, तो एव्हाना म्हातारा झाला असेल, म्हणून वनरक्षकाशी भांडले. आणि एका साली कालव्याला चुकून वेळेवर पाणी आलं, तेव्हा गावातला एकच माणूस पाण्याकडे पाठ करून बांधावर बसला होता.

उरली नोकऱ्यांची बातमी. तिच्यावर आबांचा पूर्ण भरवसा होता. विश्वजीत सात वर्षं कारेगावजवळच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला जात होता. दर अकरा महिन्यांनी ब्रेक म्हणून घरी बसवायचे, मग नवा गेटपास. ब्रेक मिळाला की घर सुतक असल्यासारखं बसायचं आणि आबा दुसरी भाकरी मागायचे. त्यात वाईट हेतू नव्हता. आयुष्याची दोरी नातवाच्या गेटपासला बांधलेली, त्याला ते तरी काय करणार?

गेल्या नोव्हेंबरात कंपनीने ठेक्यातली चार पोरं आपल्याकडे घेतली. त्यात विश्वजीत. आई रंभाला त्याने मोरीपाशी बोलावून पत्र दाखवलं. तिने हात जोडले आणि लगोलग बजावलं, “आबांपुढं तोंड पाडूनच बस. हसलास तर कळंल त्यास्नी.”

असा तो आनंद तोंडं पाडून साजरा झाला. तीन दिवस निभलं. चौथ्या दिवशी मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला: विश्वजीत, गॉगल, आणि ‘कंपनीत कायम झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. तो शिडी घेऊन पोचला तेव्हा आबा खाली उभे राहून वाचत होते. छापलेलं होतं, म्हणजे विषयच मिटला.

विश्वजीतने खिशातलं पत्र काढलं. कायम नव्हे आबा, प्रोबेशन आहे, सहा महिने बघणार, मग कायम. आबांनी पत्र दोनदा वाचून घेतलं.

“सहा म्हैने व्हय,” ते म्हणाले. “पुरं हाईत.”

मग ते राहिलेली कामं उरकायला लागले. विहिरीवरच्या मोटारीचा पाइप बदलला. कपड्यांचा कोरा जोड शिवून घेतला. बांधावरून नऊ वर्षं अबोला धरलेल्या बबनरावांकडे जाऊन चहा पिऊन आले, तर बबनराव घाबरून डॉक्टरच घेऊन आले. विश्वजीत मशीनवर उभा राहून रोज तोच विचार करायचा. मन लावून काम करावं तर आजोबा जाणार, न करावं तर नोकरी. एक दिवस त्याने मुद्दाम दोन पीस बिघडवले. मग पश्चात्ताप होऊन डबल शिफ्ट मारली. असं महिन्यातून दोनतीनदा व्हायला लागलं.

मे महिन्यात साहेबांनी बोलावून सांगितलं, कामात सातत्य नाही, प्रोबेशन आणखी सहा महिने. घरी येताना तोंड पाडायची गरज पडली नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं. रंभाने न मागता दुसरी भाकरी वाढली, ती त्यांनी टोपल्यात परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास विश्वजीतला गेटवर बोलावणं आलं. सिक्युरिटीच्या केबिनमध्ये आबा बसले होते. अंगावर कोरा जोड, छातीवर ‘व्हिजिटर’चा बिल्ला.

“सुबह से बोल रहे हैं, लड़के को परमानेंट करो, मैं मरने को तैयार हूँ,” बिहारचा गार्ड म्हणाला. “अब इसमें किसको बुलाऊँ मैं?”

“आबा, घरी चला.”

“साह्यबाला सांग, माझी काय आडकाठी न्हाई. ऐंशी झाली. लई झाली.”

“साहेब न्हाई भेटत कुणाला.”

“मग मी हाय हितंच.”

विश्वजीत त्यांच्या शेजारी बाकावर टेकला. मग म्हणाला, “आबा, ते पीस म्याच बिघडवले. मुद्दाम.”

आबांनी त्याच्याकडे बघितलं. कशापायी, हे त्यांनी विचारलं नाही. बराच वेळ ते बिल्ल्याची क्लिप उघडत होते, ती उघडेना, शेवटी गार्डने काढून दिली.

“येडं हाय का खुळं,” ते म्हणाले. “आता सहा म्हैने नीट काम करायचं. माझी आन हाय.”

“व्हय.”

“नुसतं व्हय म्हनू नगं.”

आबांना वडापच्या जीपमध्ये बसवून तो मशीनवर परतला. पहिला पीस काढून गेज लावला. बरोबर मापात होता. तो खोक्यात न टाकता विश्वजीत कितीतरी वेळ हातात धरून उभा राहिला.