बोटभर साल

नागोरावांच्या तोंडात आता एकच शब्द उरला होता, आणि तोही नेमका असा, की ज्याच्याशी त्यांचं जन्मभर वाकडं. तो शब्द म्हणजे ‘हो’.

बाकीचे शब्द सप्टेंबरमधल्या झटक्याने नेले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. डोकं मात्र शाबूत. कोण काय बोलतंय ते सगळं कळायचं, त्यावरचं उत्तरही आत तयार असायचं, चांगलं खमंग उत्तर. पण ते बाहेर काढायला जावं तर तोंडातून यायचं ‘हो’. बरं, मान हलवून नाही म्हणावं, तर मानसुद्धा तोंडाला फितूर. तीही वरखालीच हलायची. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली शब्दांची जागा दुखावली की कधीकधी एखादाच शब्द मागे राहतो, हळूहळू सुधारेल. हळूहळू म्हणजे किती, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

आता हा माणूस कोण ते ऐका. परभणीकडून पुण्यात आलेला आणि खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस. समोर आलेला नग मापायचा आणि केसभर फरक दिसला की बाजूला टाकायचा, एवढंच काम, आणि ते त्यांनी मन लावून केलं. घरीही तोच नन्नाचा पाढा. नवा सोफा घ्यायचा का? नाही. महाबळेश्वरला जायचं का? नाही. एकुलती एक मुलगी अपेक्षा, ती ‘बाबा, मला एक मुलगा आवडलाय’ म्हणाली, तर मुलाचं नाव ऐकायच्या आत नाही. विमलाबाईंनी या ‘नाही’ला वळसे घालत घालत सत्तेचाळीस वर्षं संसार केला. आणि आता तोच माणूस कारल्याची भाजी करू का म्हटलं तरी हो म्हणायचा आणि मेथीची करू का म्हटलं तरी हो. पहिल्या आठवड्यात विमलाबाईंना एकदा हसू आलं. मग त्या बाथरूममध्ये जाऊन रडल्या.

पण माणसाचं मन मोठं लबाड असतं. दोन-तीन महिन्यांत घरातल्यांना त्या ‘हो’ची सवय लागली. हा शब्द आपोआप येतो, हे माहीत सगळ्यांना होतं, पण मनासारखं उत्तर मिळाल्यावर ते कुठून आलं याची चौकशी कोण करतं? ‘बाबा किती निवळलेत गं,’ अपेक्षा आईला म्हणायची, बाबांच्या देखत. आत नागोरावांचा संताप संताप व्हायचा.

जन्मात एका गोष्टीला मात्र त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. वारज्याच्या त्यांच्या फ्लॅटच्या गॅलरीत, ताटाएवढ्या उथळ कुंडीत, दीड वितीचं एक ज्युनिपरचं झाड होतं, बोन्साय. बावीस वर्षांपूर्वी नर्सरीच्या कोपऱ्यात पडलेलं, वाकडं, कुणी न घेतलेलं रोप त्यांनी घरी आणलं. चौतीस वर्षं नापास करण्यात घालवलेला माणूस, आणि आणलं काय, तर नापास रोप.

थंड डोंगरांवर या जातीची शेकडो वर्षांची झाडं असतात. वीज पडते, बर्फ पडतो, अर्धं खोड मरतं, साल गळून जाते आणि आतलं लाकूड उन्हाने हाडासारखं पांढरं होतं. त्या मेलेल्या लाकडाच्या कडेने सालीचा एक अरुंद पट्टा तेवढा जिवंत राहतो, मुळांचं पाणी वर पोचवतो आणि शेंडा हिरवा ठेवतो. हे सगळं दीड वितीत उभं करायचं, हा नागोरावांचा ध्यास. दर थंडीत ते समोरची थोडीशी साल काढायचे, गव्हाच्या दाण्याइतकी रुंद, जास्त नाही, म्हणजे झाडाला ते सोसायला वर्ष मिळतं. उघड्या लाकडाला गंधक-चुन्याचं पाणी लावायचे, की ते पांढरं होतं आणि कुजत नाही. त्या दिवशी घरभर सडक्या अंड्याचा वास आणि विमलाबाईंच्या तोंडी माहेरच्या आठवणी. असं करत बारा वर्षांत समोरचं खोड जवळजवळ सगळं पांढरं झालं. जिवंत साल उरली ती मागच्या बाजूला, बुंध्यापासून वळत वळत वर गेलेली, बोटभर रुंदीची. झाडाचा जीव तेवढ्यात होता. तिला हात लावायचा नाही, हे नागोरावांना इतकं पक्कं ठाऊक होतं, की ते कुठे लिहून ठेवावं असं त्यांना कधी सुचलं नाही. झाडासाठी ठेवलेल्या चौकडीच्या वहीत होतं ते फक्त एक चित्र: पुरं झालेलं झाड, समोरून. मागची बाजू त्यांनी काढलीच नव्हती.

ती वही अपेक्षाच्या हाती लागली.

डिसेंबरात नागोरावांना पंचाहत्तर वर्षं पुरी होणार होती. अपेक्षा खराडीला नोकरीला, कामाच्या रगाड्यातून वेळ काढून येणारी, वडिलांसाठी काहीतरी करावं म्हणून जीव टाकणारी. तिने वही त्यांच्यासमोर धरली. ‘बाबा, तुमचं हे डिझाइन आपण कम्प्लीट करून घेऊ या का? अगदी तुमच्या चित्राप्रमाणे. तुमच्या बर्थडेला.’

‘हो,’ नागोराव म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं, हात तर लावून बघ.

तिने आणलं कासिमभाईंना. रविवार पेठेत तीन पिढ्या लाकडावर कोरीवकाम करणारं घराणं. अपेक्षाच्या फ्लॅटमधला देव्हारा त्यांनीच केलेला. साठीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस. झाड बघून ते आधी मागेच सरले.

‘ताई, मी मेलेल्या लाकडात काम करतो. जिवंत झाडाला आजवर हत्यार लावलं नाही.’

‘मेलेल्याच लाकडाचं काम आहे कासिमभाई. हिरव्याला आपण हातच लावायचा नाही.’

कासिमभाईंनी चित्र बराच वेळ पाहिलं. मग चाकाच्या खुर्चीत बसलेल्या नागोरावांपुढे वाकून ते म्हणाले, ‘साहेब, झाड तुमचं आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय टवकासुद्धा काढणार नाही.’ आणि तो शब्द त्यांनी पाळला, हीच तर सगळी रड आहे.

गॅलरीत वर्तमानपत्र अंथरलं. कुंडी स्टुलावर ठेवली. नागोरावांची खुर्ची दोन हातांवर, चाकांना ब्रेक लावलेली. कासिमभाईंनी बारीक पटाशी काढली आणि समोरच्या पांढऱ्या लाकडावर काम सुरू केलं. आणि नागोराव, ज्यांनी आयुष्यात कुणाचं काम पास केलं नव्हतं, ते बघतच राहिले. बारा वर्षांत त्यांना जे साधलं नव्हतं ते हा माणूस तासाभरात करत होता. लाकडाची रेघ जिथे वळते तिथे पटाशी वळवत होता, जिथे गाठ येते तिथे थांबत होता. डावीकडची मेलेली फांदी त्याने चिमट्याने रेषा रेषा सोलून अशी टोकदार केली, की वाऱ्याने झिजली असं वाटावं. दर टप्प्याला हात थांबवून विचारायचा, ‘इथवर बरोबर, साहेब?’ आणि नागोराव म्हणायचे, ‘हो.’ तो ‘हो’ खरा होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा तोंडातलं आणि मनातलं एक झालं होतं, आणि त्यांना फार बरं वाटलं.

मग कासिमभाईंनी कुंडी फिरवली.

‘मागे ही एवढी साल राहिलीय,’ ते म्हणाले. ‘समोरून दिसत नाही खरं. पण आमचे वडील म्हणायचे, देव्हाऱ्याची पाठ भिंतीला लागणार असली तरी कच्ची सोडायची नाही. ही पण काढून एकसारखं करू ना, साहेब?’

नाही. नागोरावांच्या सगळ्या अंगातून तो शब्द उठला. नाही, अरे, नाही, तीच तर.

‘हो,’ ते म्हणाले, आणि मान हलली.

कासिमभाईंनी पटाशी उचलली, पण चेहरा बघून थांबले. ‘नक्की ना, साहेब?’

‘हो. हो. हो.’ जितका जोर लावावा तितका तोच शब्द. नागोरावांनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवला. अंग पुढे लोटलं, पण ब्रेक लावलेली चाकं हलेनात. हात लांब करून त्यांनी कसंबसं कासिमभाईंचं मनगट पकडलं, घट्ट. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

कासिमभाईंनी पटाशी खाली ठेवली आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ‘दुआ असू द्या, साहेब,’ ते हळूच म्हणाले.

‘बाबा किती इमोशनल झालेत,’ अपेक्षा म्हणाली. विमलाबाई पदराने त्यांचे डोळे पुसत म्हणाल्या, ‘अहो, त्रास नका करून घेऊ. होतंय ना तुमच्या मनासारखं?’ आणि त्यांचा हात धरून मांडीवर ठेवला, आणि धरूनच राहिल्या. प्रेमाने धरलेला हात सोडवून घ्यायची ताकद नागोरावांमध्ये नव्हती.

साल निघायला दहा मिनिटं लागली असतील. आतून ओली होती, पिवळसर. वर्तमानपत्रावर तिची वळलेली पट्टी पडली. तेवढ्यात कुणी ती परत जागेवर बसवून घट्ट बांधली असती, तर एखादा टक्का आशा होती. नागोराव त्या पट्टीकडे टक लावून बसले. विमलाबाईंनी ते पाहिलं. ‘कचरा दिसला की यांना राहवत नाही,’ म्हणाल्या, आणि पट्टी उचलून ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकली.

वाढदिवस झकास झाला. सोसायटीतले लोक आले, झाडाचे फोटो काढले, कुणी म्हणालं चारशे वर्षांचं वाटतं. झाड होतंच तसं. हिरवंगार, आणि मागून पुढून पांढरंशुभ्र, कुठे कच्चं म्हणून नाही. ज्युनिपरची रीतच अशी, की मेलं तरी महिना-दीड महिना पत्ता लागू देत नाही. शेंड्यात साठलेल्या ओलाव्यावर ते हिरवं दिसत राहतं. घरात एकट्या नागोरावांना ठाऊक होतं की आपण सगळे प्रेताचे फोटो काढतोय. बरं वाटावं म्हणून विमलाबाई रोज सकाळी त्यांना झाडासमोरच बसवायच्या.

अपेक्षाने पाटी आणून दिली होती. डाव्या हाताने त्यांनी एकदा झाड काढायचा प्रयत्न केला, मागची बाजू, त्यावर फुली. उमटल्या त्या नुसत्या रेघोट्या. अपेक्षाने फोटो काढला आणि म्हणाली, ‘व्हेरी गुड, बाबा.’

त्या दीड महिन्यात नागोरावांनी मनातल्या मनात कासिमभाईंना इतक्या शिव्या दिल्या, की कारखान्यातल्या चौतीस वर्षांतही तेवढ्या दिल्या नसतील. अडाणी माणूस, सुतार तो सुतार. रोज नवी शिवी तयार व्हायची आणि आतच पडून राहायची.

फेब्रुवारीत हिरव्यावर राखेसारखी छटा आली. विमलाबाईंनी पाणी वाढवलं. मग टोकं हाताला काड्यांसारखी लागायला लागली. ऊन वाढलंय, त्या म्हणाल्या. एका सकाळी कासिमभाई आपण होऊन आले. जवळच कुठे कामाला आले होते, साहेबांना आणि झाडाला बघून जावं म्हणाले. गॅलरीत गेले आणि उभेच राहिले. फांदी चिमटीत धरली, तशी ती कट्‌कन मोडली. त्यांनी ती नाकाशी नेली. मेलेलं लाकूड त्यांना कुणी ओळखायला शिकवायचं नव्हतं. मग हळूच कुंडी फिरवली, मागच्या बाजूवरून, जिथे साल होती तिथून, बुंध्यापासून वरपर्यंत बोट फिरवलं. परत खाली आणलं. विमलाबाई आत चहा टाकत होत्या.

स्टूल ओढून ते नागोरावांसमोर बसले. ‘साहेब, झाडाला पाणी त्या सालीतूनच जात होतं ना?’

‘हो,’ नागोराव म्हणाले. शेवटी कुणीतरी विचारलं होतं. त्यांना मोकळं वाटलं.

‘म्हणजे मी मारलं हे.’

नागोरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. खाली गेलेले डोळे, मांडीवर पालथे ठेवलेले ते कसबी हात. आणि साठवलेल्या शिव्यांतली एकही त्यांना सापडेना. घरात त्यांना सगळे विचारायचे ते विचारायचं म्हणून. या एकट्याने हत्यार थांबवून विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं, आणि उत्तर येईपर्यंत वाट पाहिली होती. हो कोण म्हणालं होतं? त्यांना आता फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. आजवर हजारदा, फुकटचं, कुणाच्याही तोंडावर फेकलेलं ते ‘नाही’, एकदाच, या माणसासाठी. त्यांनी जीभ दातांमागे टेकवली, डोळे मिटले, होती नव्हती ती ताकद लावली.

‘हो.’

कासिमभाईंनी मान डोलावली. ‘खरं सांगितलंत, बरं झालं,’ ते म्हणाले. उठले, मोडलेली फांदी कुंडीत नीट ठेवली.

आता अजून एक विचार मला, बाबा, नागोराव आत तळमळत होते. माफ केलं का, एवढं विचार. त्याला माझ्याकडे उत्तर आहे. पण कासिमभाई ते विचारणाऱ्यातले नव्हते. आतून विमलाबाई म्हणाल्या, ‘चहा घेऊन जा हो.’ ‘नको वहिनी,’ म्हणून ते दाराशी गेले आणि चपला घालायला वाकले.

‘हो,’ नागोरावांनी गॅलरीतून हाक घातली. ‘हो. हो.’

कासिमभाईंनी वळून पाहिलं. ‘कळलं, साहेब,’ म्हणाले, आणि दार ओढून घेतलं.