उदेसिंग आला की

"सांग तिले, नळ नीट बंद करत जाय म्हना. रातभर टिपटिप, मन्ही झोप उडी गई."

सकीनाभाभी माझ्या डाव्या कानात पुटपुटली. जिला सांगायचं ती फुलीबाई माझ्या उजवीकडे, हातभर अंतरावर मिरचीचे देठ खुडत होती. मी मध्ये. नंदुरबारच्या मिरची पथारीवर, मिरची वाळवायच्या मैदानात, आमची जागा ठरलेली, आणि दोघींची बोलणी माझ्यावरून जातात.

फुलीबाई भाभीची भाडेकरू. दिवाळीपासूनचं भाडं थकलेलं. भाभी नळावर बोलायची, चुलीच्या धुरावर बोलायची, कोंबडीवर तर रोजच. भाड्यावर नाही. फार तर म्हणायची, "राहू दे, उदेसिंग आला की दे."

उदेसिंग फुलीबाईचा नवरा, ऊसतोडीला गुजरातेत गेलेला. होळीला पहाडातली माणसं परततात, तसा तोही येणार होता. होळी झाली. त्याच्या टोळीची गाडी आली. त्याचं विचारलं की माणसं बिडी शोधायला लागायची. आम्हा बायांना कळायचं ते कळलं. तरी म्हणत राहिलो, उदेसिंग आला की. मी तर सगळ्यांत जास्त. मिरचीत एक सोय असते, डोळे कशाने भरले ते कोणी विचारत नाही.

होळीपासून भाभी कुरकुर करता करता आपली खुडलेली मिरची ओंजळीने फुलीबाईच्या टोपलीत टाकते, माझ्या मांडीवरून. मजुरी वजनावर. फुलीबाईला ते कधी दिसत नाही.

दुपारी भाभीच्या मुलाचा, अझरुद्दीनचा, सुरतहून फोन आला. भाभीला ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकर चालूच. नवा भाडेकरू रविवारी येतोय, तोवर खोली रिकामी करून घे, म्हणाला.

"और इसकी गायत्री किधर जाएगी? छोकरी की परीक्षा सर पे है!"

"अम्मी, मैं भी किराये से रहता हूं इधर. भाडा देगा कौन? किसी एक आदमी का नाम बता दो, मैं नएवाले को मना कर देता."

भाभीने माझ्याकडे पाहिलं. मी मिरचीकडे.

"उदेसिंग..." मी सुरुवात केली.

फुलीबाईने पदराला हात पुसले आणि माझ्यावरून वाकून फोन घेतला.

"भाडं मी देसू, भाऊ. दर आठवड्याले, थोडं थोडं. नाव फुलीबाई." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "उदेसिंग आता येणार नई."