लाल, करडी आणि तिसरा रकाना

गाड्यांच्या मासिकातल्या त्या परीक्षकाला कचेरीत सगळे ‘तागडी’ म्हणायचे, आणि त्याला ते मनातून आवडायचं. एकोणीस वर्षं त्याचं काम एकच. एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या दोन गाड्या आणायच्या, तोलायच्या आणि मार्क द्यायचे. रकाने तीन: आतली सजावट, किंमत आणि गिऱ्हाइकाची ओढ. प्रत्येकाला दहापैकी मार्क. हात इतका आखडता, की त्याच्याकडून सजावटीला आठ मिळाले तर कंपन्या त्याची जाहिरात करत.

पहिले दोन रकाने तो स्वतःच्या अकलेनं भरायचा. तिसऱ्याचं मात्र एक गुपित होतं, आणि त्यानं आजवर कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. तो रकाना त्याची बायको भरायची, तिच्या नकळत. परीक्षेची गाडी घरी आली की तो तिला सहज म्हणून एक चक्कर मारून आणायचा आणि तिरक्या नजरेनं तिच्या पायांकडे बघायचा. तिनं चपला काढून पाय वर घेतले, की बाई रमली, गाडी जिंकली, मार्क नऊ. चपला पायातच राहिल्या, तर चार. बाजारात गिऱ्हाइकं काय करतील ते बायकोच्या पायांवरून कळतं, यावर त्याची श्रद्धा होती. आता अशा श्रद्धेला काय म्हणावं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

या महिन्यात दोन स्पोर्ट्‌स कार आल्या. एक लाल, एक करडी. आणि इथेच पंचाईत झाली. करडी गाडी आतून सजवली होती ती त्याच्या लेकीनं. चार वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली घासल्यावर तिला पहिल्यांदा अख्खी आतली बाजू मिळाली होती. त्यानं संपादकबाईंना सरळ सांगितलं, “हे काम दुसऱ्या कुणाला द्या.”

“दुसरं आहे कोण?” संपादकबाई म्हणाल्या. “तुमची मुलगी तिथे काम करते, हे आपण खाली छापू. तुम्ही फक्त खरं लिहा.”

लेकीनंही नियम घालून घेतला. अंक निघेपर्यंत घरात गाडीचा विषय नाही. बायकोला त्यानं कुठली गाडी कुणाची ते सांगितलंच नाही. आईच ती, तिचे पाय लबाडी करायचे.

शनिवारी सकाळी दोन्ही गाड्या इमारतीखाली उभ्या होत्या. आधी तो एकटाच लालमध्ये बसला. काळं कातडं, लाल दोऱ्याची शिलाई, मधोमध मोठा पडदा, दाराच्या हँडलला हात लावला की गार धातू. सगळं कसं झकपक. सजावटीला आठ. किंमत करडीपेक्षा बरीच कमी, तिथेही आठ. मग करडी. तिच्यात काहीच ओरडत नव्हतं. बटणं थोडी, पण बोट जाईल तिथेच बटण. कापड हाताला उबदार. त्याचा ऊर भरून आला, आणि ऊर भरून आला म्हणून तो घाबरला. बापाचं मन लेकीच्या बाजूनं झुकतंय असं वाटून त्यानं सजावटीला सहा दिले. किमतीला सहा, ते मात्र खरेच होते, गाडी महागच होती.

मग त्यानं बायकोला हाक मारली. लालमध्ये बसून कोपऱ्यापर्यंत गेले न गेले, तोच तिनं चपला काढल्या आणि पाय वर घेतले. नऊ. करडीत ती ताठ बसली. तळ्याला वळसा घालून परत येईपर्यंत चपला पायात. चार. एकूण लाल पंचवीस, करडी सोळा. लेकीचा पहिलाच डाव, आणि बाप तिला असा आपटणार होता.

जेवताना तो नुसता भात चिवडत होता.

“लेकीच्या गाडीला किती दिले?” बायकोनं विचारलं.

“कुठली लेकीची?”

“करडी. मला काय खुळी समजता?”

“तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? माझे पाय टेकले ना तिच्यात.”

त्यानं घास खाली ठेवला. “म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? तुम्ही आणता त्या बहुतेक गाड्यांच्या सीटा ताडमाड माणसांसाठी. बैठक ही एवढी लांब, कड पोटऱ्यांना रुतते, टाचा लोंबकळतात. मुंग्या येतात. म्हणून मग पाय वर घेऊन बसते. करडीची बैठक आखूड आहे, पुढून उतरती. आपली पोरगी माझ्याएवढीच बुटकी आहे, तिला माहीत नसेल तर कुणाला? निवांत बसले बघा मी.”

एकोणीस वर्षं. बायकोच्या पायांना मुंग्या आणणाऱ्या प्रत्येक गाडीला त्यानं तोंड भरून नऊ दिले होते. लोक त्याच्यावर विसंबून गाड्या घेत होते. त्याला आधी शरम वाटली, मग हसू फुटलं, आणि हसता हसता ठसका लागला. बायकोला सगळं कबूल करावं लागलं. ती आधी चिडली, कारण नवरा एकोणीस वर्षं आपले पाय न्याहाळतोय आणि कारण हे. मग तीही हसली.

“एकदा तरी विचारायचं होतंत की,” ती म्हणाली.

“मग आता विचारतो. लोक कुठली घेतील?”

“लोक लालच घेतील. स्वस्त आहे, आणि चारचौघांत मिरवता येते. पण जी बाई एकदा करडीत बसेल, ती नवऱ्याचं डोकं खाईल.”

जेवण झाल्यावर तो खाली गेला आणि परत एकदा करडीत बसला. बाप म्हणून नाही, आपल्यातल्या बापाला घाबरून तर मुळीच नाही. बटणं परत चाचपली. सीटच्या कडेवरून तळहात फिरवला. मग वहीतला सहा खोडून नऊ लिहिला. सजावटीला नऊ त्यानं आजवर कुणाला दिले नव्हते. किमतीचा सहा तसाच ठेवला. ओढीला लालला आठ, करडीला सात. लाल चोवीस, करडी बावीस. हरली, पण खरी हरली. सोमवारी संपादकबाईंना तिसऱ्या रकान्याची हकीकत सांगायची, आणि वाचकांपुढेही मांडायची, असं त्यानं तिथेच ठरवून टाकलं. तागडी हे नाव गेलं तर जाऊ दे. त्याला फार हलकं वाटत होतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. आवाज मुद्दाम कोरडा ठेवलेला.

“बाबा, मार्क विचारत नाहीये. नियम म्हणजे नियम.”

“बरोबर.”

“जिंकले की हरले, तेही सांगू नका.”

“नाही सांगत.”

ती जराशी घुटमळली. नऊ हा आकडा त्याच्या अगदी जिभेवर आला होता, पण त्यानं तो गिळला.

“आई बसली होती का?”

“बसली होती.”

“तिचे पाय टेकले?”

त्यानं स्वयंपाकघरात भांडी पुसणाऱ्या बायकोकडे बघितलं. “टेकले,” तो म्हणाला.

“मग झालं तर,” लेक म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.