कुणाच्या घरचा विस्तव

त्या वैशाखात सरुबाईच्या जिवाला घडीभर स्वस्थता नव्हती. चुलीपुढं बसावं तर दारात कुणी आलंय असं वाटे, आणि दारात जाऊन बघावं तर तव्यावरची भाकरी करपे. दळायला बसली की जातं मधेच थांबे. झोप तर अशी, की पहाटेची वाट तीच कोंबड्याआधी बघत असे.

वलवणात तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय होता, घरांचा. कुणाचं गहाण पडलं, कुणाच्या दाराला कोर्टाचा कागद डकवला, कुणाचं घर दवंडी पिटून विकलं. मुंबईच्या असेंब्लीत कर्जदारांसाठी कायदा येतोय अशी बातमी होती. कायद्यात काय आहे हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यावर बोलणं सगळ्यांनाच सोयीचं पडत होतं. भैरोबाच्या पारावर सकाळपासून सावकाराच्या सात पिढ्यांचा उद्धार चाले, आणि सरुबाई डोक्यावर हंडा घेऊन तिथून मान खाली घालून जाई. कारण गावात त्या घडीला ज्याच्या दाव्यावरून लिलाव निघाला होता, तो सावकार म्हणजे ती स्वतःच होती.

आता हिला सावकार म्हणायचं म्हणजे मांजराला वाघ म्हणण्यापैकी होतं. नवरा गेणू घाटात रेल्वेच्या गँगमध्ये होता. एका पावसाळ्यात दरड आली आणि त्याला घेऊन गेली. रेल्वेनं काही रक्कम हातावर ठेवली. ती आयुष्यात पहिल्यांदाच एवढी रक्कम बघत होती, आणि बघून तिला भीतीच वाटली होती. शेजारचा रखमाजी म्हणाला, "वैनी, घरात ठिवून कुनाचं भलं? मला द्या. मी माडी चढवतो, मुंबईच्या लोकांना उन्हाळ्यात भाड्यानं देतो. तुमाला म्हैन्याच्या म्हैन्याला याज." त्यानं आपलं घर तिला गहाण लिहून दिलं, वडगावला जाऊन कागद नोंदवला. रखमाजी लबाड नव्हता. त्यानं खरोखरच माडी चढवली, धरणाच्या बाजूला खिडक्या पाडल्या, लोखंडी खाटा आणल्या. बसल्याबरोबर पुढं-मागं झुलणारी एक खुर्चीही आणली, तिच्यात मुंबईकर बसायच्या आधी सगळं गाव बसून गेलं.

दोन-चार उन्हाळे बरे गेले. सरुबाईचं तेलमीठ, लुगडं, सणाचा गूळ त्या व्याजावर निघे. मग कुठून कोण जाणे, धरणाकाठी हिवतापाचे डास आहेत अशी आवई उठली, आणि पाहुणे खंडाळ्याकडं वळले ते वळलेच. माडीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. व्याज थांबलं. सरुबाईनं पुष्कळ दिवस कळ काढली, करवंदं विकली, बंगल्यांवर भांडी घासली. शेवटी वडगावच्या वकिलानं सांगितलं, "बाई, मुदत टळू दिलीत तर हा कागद शेंगदाणे बांधायच्या कामाचा." तिनं दावा लावला. दुसरं काय करणार होती? मागं ना मूल, ना जमीन.

एवढं सगळं झालं, पण तिला सलत होती ती भलतीच गोष्ट. रखमाजीची बायको धोंडाबाई आणि ती एकाच वर्षी या गावात सून म्हणून आल्या होत्या. दोन्ही घरांमध्ये एक कुडाची भिंत आणि एक शेवग्याचं झाड. सकाळी जिची चूल विझलेली असेल तिनं गोवरीचा तुकडा घेऊन दुसरीच्या दारात जायचं, "इस्तू दे गं" म्हणायचं, निखारा घ्यायचा आणि निखारा हातात जळत असताना अर्ध्या गावाच्या गोष्टी करायच्या. ज्या दिवशी बेलिफानं दाराला नोटीस लावली, त्या दिवसापासून धोंडाबाईनं काड्यांची पेटी विकत आणायला सुरुवात केली.

लिलावाच्या आधीच्या रविवारी देवळापुढं सभा भरली. पुण्याहून एक खादीधारी पाहुणे आले होते. बोलण्यात मोठे वाकबगार. "घर म्हणजे विटामाती नव्हे," ते म्हणाले, "कायदा आज ना उद्या होणार. तोवर एकही घर विकलं जाता कामा नये. लिलावाला बोलीच लागली नाही तर लिलाव होईल कसा?"

लोकांनी माना डोलावल्या. फक्त म्हातारे अंबाजी आबा काठी टेकत उभे राहिले. "पाव्हणं, बोलनं गोड हाय तुमचं. पर घेतलेलं बुडवायचंच आसं ठरलं, तर उद्या पोरीच्या लग्नाला मला कोन दारात उभं करील? आनि समदेच सावकार काय पोट सुटलेले नसत्यात."

"आबा, तुमी सावकाराचं वकीलपत्र घेतलंय का?" दत्तोबा मागून म्हणाला. हा दत्तोबा रेल्वेच्या शेडमध्ये होता, संपात नोकरी जाऊन परत मिळालेला, त्यामुळे सभा म्हटली की त्याच्या अंगात येई. लोक हसले. आबा खाली बसले. बायकांच्या घोळक्यात मागं बसलेल्या सरुबाईला वाटलं, आपण उठावं आणि सांगावं की बाबांनो, तुम्ही बुडवायला निघालात ते पैसे माझ्या माणसाच्या जिवाचे आहेत. पण ती उठली नाही. जिच्याशी भांडायचं ती धोंडाबाई दोन हातांवर बसली होती, आणि तिच्या लुगड्याचं ठिगळ सरुबाईनंच कधीतरी शिवलं होतं.

पाहुण्यांनी ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावेत असं सांगितलं. गावकरी एकमेकांकडं बघून गालात हसले. हात वर करायला काय लागतं, बगलेत वारा जातो एवढंच. दत्तोबानं देवळातून बेल-भंडाऱ्याचं ताट आणलं. वलवणच्या कुणीही रखमाजीच्या घरावर बोली लावायची नाही, अशी ज्यानं त्यानं भंडारा उचलून आण घ्यायची. ताट बाप्यांतून फिरलं, बायकांत आलं. सरुबाईपाशी ते थबकलं. तिला ओलांडून पुढं न्यावं की नाही, हे ताट धरणारीला सुचेना. सगळ्या माना वळल्या.

सरुबाईनं भंडारा उचलला. तो खरं तर भीतीनं उचलला, गावात एकटी पडायच्या भीतीनं. पण उचलल्यावर तिला हलकंही वाटलं. बोली लागणार नाही, लिलाव मोडेल, वकिलाला सांगता येईल की मी माझ्याकडून केलं. आणि धोंडाबाईनं त्या दिवशी पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघितलं होतं. ती कपाळाचा भंडारा घेऊन घरी आली. घर वाचलं, पण आपण खायचं काय, हा हिशेब तिनं मुद्दाम मनाच्या मागल्या दारी लोटला.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी कुणाच्याच ध्यानात आली नाही, खादीधाऱ्यांच्याही नाही. आण गावानं घेतली होती, जगानं नाही. वलवणकरांना वाटलं, आपण भंडारा उचलला म्हणजे झालं.

लिलावाच्या सकाळी बेलिफ आला, दवंडीवाल्यानं रखमाजीच्या अंगणात डफडं वाजवलं. सगळं गाव हाताची घडी घालून कडेनं उभं. घराची चौकट, माडी, खिडक्या वाचून झाल्या. "बोला," बेलिफ म्हणाला. कुणी बोललं नाही. पुन्हा डफडं वाजलं, पुन्हा कुणी बोललं नाही. पोरं खिदळायला लागली. दत्तोबानं मिशीवर ताव दिला.

तेवढ्यात शेवग्याखाली छत्री घेऊन उभा असलेला एक माणूस पुढं आला. तो लोणावळ्यातला बंगल्यांचा दलाल होता, धरणाकाठी जागा धुंडाळत फिरे. त्यानं बोली लावली, ती ऐकून म्हैस घेणाराही लाजला असता. रखमाजीनं आपल्याच अंगणात उभं राहून ती ऐकली.

"आनखी कोन?" बेलिफानं विचारलं. दत्तोबाचा हात मिशीवरच राहिला. गावात दोघं-तिघं असे होते की त्यांनी जास्त बोली लावून घर राखलं असतं. पण त्यांनी भंडारा उचलला होता. दलालानं छत्री मिटली आणि माडी पाडली तर वासे किती निघतील ते डोळ्यांनी मोजायला लागला.

सरुबाईच्या कानात डफडं वाजतच होतं. हा माणूस घर नेणार, धोंडाबाई रस्त्यावर येणार, आणि आपल्या हाती येणार ते चार महिने पुरायचं नाही. वकिलानं तिला बोली लावायची कोर्टाची परवानगी आधीच काढून ठेवली होती. "वेळ पडलीच तर तुम्हीच घ्या, रोख भरायला नको, येण्यात वळतं होईल," असं तो म्हणाला होता. तिनं तेव्हा कान दिला नव्हता. आता तेच शब्द डोक्यात घुमायला लागले. आणि समोर देवळाचा कळस दिसत होता.

"माझी बोली," ती म्हणाली. आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हणाली. "माझं जेवढं येनं हाय, तेवढ्याला."

दलाल तिच्याकडं बघून हसला आणि चालता झाला. तेवढ्याला घ्यायला तो खुळा नव्हता. बेलिफानं तीन वेळा पुकारलं, लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला. रखमाजी मटकन जोत्यावर बसला. धोंडाबाई आत गेली आणि दार लागलं. सरुबाईला वाटलं होतं ती बाहेर येईल. सरुबाई कुणासाठी थांबली होती, हे बघायला अंगणात कुणी उरलं नव्हतं.

संध्याकाळच्या आतच पारावर निवाडा झाला. भैरोबाचा भंडारा मोडलेला. दत्तोबाच पुढं होता. सकाळच्या फजितीचा राग त्याला कुणावर तरी काढायचा होताच. "घर वाचिवलं म्हनं. अवो, घर गिळलं तिनं. हिचं इस्तू-पानी बंद. वलवनातल्या कुनीबी आपल्या घरचा इस्तू हिला द्यायचा न्हाई, पानी वाढायचं न्हाई." अंबाजी आबा म्हणाले, "आरं, दुसरा घेत हुता की." पण आबांचं ऐकायचं नाही, ही आता रीतच झाली होती.

पाण्याचं काही नव्हतं. सगळं धरण समोर पसरलेलं, त्याला कोण कुलूप लावतो? पण त्या धावपळीच्या दिवशी सरुबाईनं निखारे राखेत झाकले नव्हते, आणि चूल ठार विझली होती. दुकानदारानं काड्यांची पेटी द्यायला नकार दिला, आणि नकार देताना बिचारा तिच्याकडं बघेना. लोणावळा काही लांब नव्हतं. जाऊन पेटी आणता आली असती. ती निघालीही, ओढ्यापर्यंत गेली आणि माघारी फिरली. पेटी आणली की गावाची बंदी आपण कबूल केल्यासारखं होईल, असं तिच्या मनानं घेतलं. रात्री तिनं शिळ्या भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवून खाल्ला. कुडापलीकडं धोंडाबाईच्या घरात भांडी वाजत होती. बांधाबांध चाललीय की स्वैपाक, ते कळेना. ती उठे, कुडाला कान लावे, पुन्हा येऊन पडे. आपण घर राखलं की खरंच गिळलं, याचा तिला तिचाच निवाडा होईना. व्याज गेलं, पैसा गेला, हातात काय आलं तर मैत्रिणीचं घर. ते घेऊन करायचं काय? भाडं मागायचं?

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तरी ती गार चुलीपुढंच बसलेली. दारात सावली पडली. वर बघते तर धोंडाबाई. हातात गोवरी आणि गोवरीवर लाल निखारा. कुडाच्या फटीतून गुपचूप नाही, देवळावरून वळसा घालून, चारचौघांच्या डोळ्यांदेखत आली होती. मागं रस्त्यावर दत्तोबा आणि आणखी दोघं येऊन उभे राहिले होते.

सरुबाईनं चुलीपुढूनच मान हलवली. "धोंडाबाय, बंदी हाय. तुलाबी वाळीत टाकत्याल."

"कशापायी टाकत्याल?" धोंडाबाई उंबऱ्याबाहेरूनच, रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "बंदी दुसऱ्याच्या घरचा इस्तू द्यायची हाय. ह्यो तुझ्याच घरचा. कालपास्नं तूच मालकीन. आमी तितं ऱ्हातो एवढंच."

युक्ती बिनतोड होती. रस्त्यावरचे तिघं एकमेकांकडं बघायला लागले. सरुबाईनं नुसतं घे म्हणायचा अवकाश, चूल पेटली असती आणि कुणाचंही काही बिघडलं नसतं. तिचा हात पुढं झालाही होता. तो तिनं मागं घेतला.

"मग नगं," ती म्हणाली.

"आगं, धर की."

"माझ्या घरचा इस्तू मला तुझ्या हातनं कशाला? तुझ्या घरचा आसंल तर दे. न्हाईतर जा घिऊन."

धोंडाबाई तशीच उभी राहिली. वाऱ्यानं निखारा फुलला आणि गोवरीला कडेनं धग लागायला लागली. तिनं ती या हातातून त्या हातात घेतली. एकदा मागं वळून रस्त्याकडं बघितलं. दत्तोबा पुढं सरकला होता, कान टवकारून. त्याला काय ऐकायचं होतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. सरुबाईनं हात मांडीखाली घट्ट दाबून धरले होते, नाहीतर ते आपोआप पुढं गेले असते.

गोवरीचा जळका तुकडा तुटून उंबऱ्यावर पडला.

"माझ्या घरचा हाय," धोंडाबाई म्हणाली, आणि उंबरा ओलांडून आत आली. "माझ्या चुलीतला. घे आता लवकर, हात पोळतोय माझा."