वाळूचा खेळ

मास्तरांच्या पायाच्या अंगठ्यावरची जखम काही केल्या भरेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "साखर खाली आली नाही, तर अंगठा काढावा लागेल." मास्तर शिंपी. सगळा जन्म पायाने मशीन मारण्यात गेलेला.

"गोळ्यांबरोबर आणखी काही घेता का? पाला, काढा?"

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने जमिनीकडे.

"छे हो," मास्तर म्हणाले.

दुकानामागे पत्र्याच्या डब्यात गुडमारची वेल होती. लेकीनेच लावलेली, साखरेवर औषध म्हणून. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, सांगायला हवं होतं."

"आणि बोलणी कोण खाणार? वर वेल उपटायला लावतील ते वेगळंच. इकडून गोळी, तिकडून पान. साखरेला दोन्हीकडून घेरू की!"

डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवून दिली होती. घरी लेकीने पानं वाढवली.

ते पान चावलं की जिभेला काही वेळ गोड कळेनासंच होतं. मास्तरांनी नातीसाठी त्याचा खेळ करून टाकला होता. पान चघळायचं, चिमूटभर साखर जिभेवर ठेवायची आणि डोळे वटारून "थू! वाळू!" करत उडवायची. नात हसून लोळायची. लेक करवादायची, "झाडायला मीच आहे ना!"

अन् खरंच, जखमेच्या कडा सुकायला लागल्या. लेक रोज वाकून बघायची, हळूच फुंकर घालायची, स्वतःच्या पोरीला घालावी तशी.

त्या दिवशी एका कोटाला अस्तर लावायची घाई होती. मास्तर जेवण पुढे ढकलत राहिले. गोळी अन् पानं मात्र चुकवली नाहीत; पानं तर नुकतीच चघळली होती. दुपार कलताना मशीन थांबलं. लेकीने पाहिलं, तर मास्तर घामाने निथळत होते, हात लटपटत होते, जीभ जड झाली होती. साखर उतरली! तिने डबा उघडून मूठभर साखर त्यांच्या तोंडात कोंबली.

"थू! वाळू!"

अस्तरभर साखर उडाली. नात टाळ्या पिटत खिदळली.

"बाबा, गिळा हो! साखरच आहे, तुमची शपथ!"

त्यांना पटेना. तिने साखरेचं पाणी पुढे केलं, तर त्यांनी दात आवळले, तिचा हात झिडकारला. डोळ्यांत भीती होती, कुणी दावा साधून माती चारत असल्यासारखी.

"आजोबा, पुन्ना!" नात म्हणाली.

मास्तर मशीनवर कोसळले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तेच पुन्हा विचारलं. या वेळी लेकीने सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "मला ठाऊक असतं, तर गोळी वाढवली नसती," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लेकीला वाटलं.

मास्तर शुद्धीवर यायला फार उशीर झाला. अंगठा शाबूत होता. लेकीने चमच्याने गोड दूध पाजलं. त्यांनी ओठ चाटले आणि परक्या माणसाकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं.

"गोड आहे हो, बाई," ते अदबीने म्हणाले.

कडेवरची नात वाट पाहत होती, आजोबा आता थुंकतील म्हणून.