परीटघडीचा सदरा

टेरिकॉटवर माझा पहिल्यापासून राग आहे. लोक म्हणतात, जयसिंगराव जुन्या वळणाचे, म्हणून. तसं मुळीच नाही. त्या कापडाने मला एकटं पाडलं, म्हणून राग आहे. कापड कधी माणसाला एकटं पाडतं का, असं विचारणार असाल तर ऐका.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून म्हणून लागलो, तेव्हा ऑफिसात सगळे सुती कपड्यांत असायचे. पांढऱ्या पॉपलीनचा सदरा आणि ड्रिलची पँट. साहेब लोक थंडीत गॅबर्डीन मिरवायचे. सुती कापडाला खळ दिली, कडक इस्त्री फिरवली की ते अंगावर असं बसायचं, की कारकूनसुद्धा ताठ चालायचा. संध्याकाळपर्यंत मात्र पार चोळामोळा. त्यामुळे आम्हा सगळ्यांची परिटाकडे रोजची फेरी.

माझी ती फेरी इतरांसारखी सोपी नव्हती. आमच्या गावचा परीट आमच्या वस्तीचे कपडे घेत नसे. मॅट्रिकच्या परीक्षेला वडील माझा एकुलता एक सदरा घेऊन त्याच्या दारी गेले होते. "तुमची कापडं हिकडं आणू नका," एवढंच तो बोलला, तेही दुसरीकडे बघत. घरी येऊन वडिलांनी तांब्यात निखारे घातले आणि तांब्याच्या बुडाने सदरा चेपत बसले. पुढे आम्ही बौद्ध झालो, गाव सोडलं, मला नोकरी लागली. पण परिटाच्या दारात माझा पाय अडखळायचा तो अडखळायचाच.

चिंचवड गावात कोंडाजी परिटाचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, घोंगडी अंथरलेलं टेबल आणि कोळशाची इस्त्री. पहिल्या दिवशी मी बाहेरच थांबलो आणि गाठोडं जमिनीवर ठेवलं. सवयीने.

"खाली कशापायी ठिवलं?" कोंडाजी म्हणाला. "वर ठिवा की टेबलावर."

मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, वस्तीसुद्धा सांगितली. मुद्दाम. म्हटलं, व्हायचं ते एकदाच होऊन जाऊ दे. त्याने ऐकून घेतलं, बिब्ब्यात काडी बुडवली आणि माझ्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये आतून दोन ठिपके आणि एक आडवी रेघ काढली. कपडे एकमेकांत मिसळले तरी ज्याचा त्याला जावा, म्हणून परीट अशी खूण करतात. मग त्याने सदरा ढिगात टाकला. तो पडला चिंचवडातल्या बड्या घरच्या नानासाहेबांच्या धोतरावर. मी कितीतरी वेळ नुसता बघत उभा होतो. वडील हयात असते तर त्यांना तेवढ्यासाठी चिंचवडला आणलं असतं.

तेव्हापासून कारखाना सुटला की मी कोंडाजीकडे. माझी बायको कस्तुरा चेष्टा करायची, "सासुरवाडी आहे वाटतं तुमची तिथं." ती गेली, मग चेष्टा करणारंही कुणी उरलं नाही. मुलगी प्रभावती लग्न होऊन लातूरला. खोलीत मी आणि घड्याळ. पण संध्याकाळी कोंडाजीच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसलं की बरं वाटायचं. तो पाणी शिंपडायचा, इस्त्री फिरवायचा, कुणाच्या म्हशीचं, कुणाच्या सोयरिकीचं सांगत राहायचा. त्याची बायको तानुबाई दोन कप चहा आणायची. कप दोन्ही सारखे, कुठला कुणाचा ते कधी ठरलं नव्हतं. दिवसभरात माणसाशी बोलणं म्हणावं असं तेवढंच.

आणि मग ते न चुरगळणारं टेरिलीन आलं. आधी एका साहेबाच्या अंगावर, मग ज्याचा मेव्हणा मुंबईला त्याच्या अंगावर. जो तो दुसऱ्याची बाही चिमटीत धरून बघायचा. पाठोपाठ त्यात सूत मिसळलेलं टेरिकॉट. साहेब लोक सफारीत शिरले, पोरं बेलबॉटममध्ये. आमच्या टाइम ऑफिसातले मारुतराव तर रोज ऐकवायचे, "राव, रात्री धुवायचं, सकाळी घालायचं. इस्त्रीची कटकटच नाही!" त्या कापडात उन्हाळ्यात माणूस उकडून निघायचा, पण ते कुणी बोलत नसे.

मी दाद दिली नाही. पण कंपनीनेच ऑफिसच्या लोकांना टेरिकॉटचे दोन-दोन जोड शिवून दिले आणि तेच घालायची सक्ती केली. माझे सुती सदरे ट्रंकेत गेले.

तुम्ही म्हणाल, नुसतंच जायचं होतं कोंडाजीकडे. गेलो असतो हो. पण गाठोडं हातात असलं की मी गिऱ्हाईक. रिकाम्या हातांनी त्या दारात मी कोण? एवढी वर्षं चहा प्यालो, तरी हा प्रश्न काही मनातून गेला नव्हता.

म्हणून कंपनीचा तो शर्ट चुरगळायचा मी चंग बांधला. पिळून ठेवला, उशीखाली घेतला, एकदा तर त्याच्यावर बसून जेवलो. बेशरम कापड, झटकलं की पुन्हा सरळ! शेवटी तसाच सरळसोट शर्ट घेऊन गेलो.

कोंडाजीच्या टेबलावर एक धोतर तेवढं होतं. मला बघून त्याचा चेहरा उजळला. कुठं चुरगळलाय हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्याने नेहमीसारखं पाणी शिंपडलं, इस्त्रीत कोळसे फुलवले आणि पॉपलीनवर टेकवायचा तशी दाबून टेकवली. चर्र झालं. घाण वास सुटला. इस्त्री उचलली तर पाठीचं कापड तिला चिकटून वर आलं.

"असू द्या कोंडाजी," मी म्हणालो. "दुसरा जोड आहे माझ्याकडे."

तो इस्त्रीचं बूड खरवडत राहिला. मान वर केली नाही. "सायेब, आता तुमची कापडं हिकडं आणू नका. माज्यानं न्हाई व्हायाचं हे."

त्याचा काहीच दोष नव्हता, मला कळत होतं. तो शरमेने बोलत होता. पण शब्द तेच होते आणि तोही दुसरीकडेच बघत होता. मी जळका शर्ट उचलला आणि निघालो. तानुबाई चहा घेऊन दारात आली होती, तोही घेतला नाही.

त्यानंतर मी तिकडे फिरकलो नाही. संध्याकाळी उरलेला शर्ट धुवायचो, दोरीवर टाकायचो आणि त्याच्याकडे बघत बसायचो. सकाळी तो वाळलेला असायचाच. त्याला कुणाची गरज नव्हती. मला होती, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

एका रविवारी प्रभावतीच्या लहानपणाचं झबलं शोधताना ट्रंकेतला पहिला सदरा हाती आला. कॉलर विरली होती, पण आत दोन ठिपके आणि एक रेघ शाबूत. घडी मोडून सदरा नुसता मांडीवर घेतला, तर लगेच सुरकुत्या पडल्या. शहाणा सदरा! तो गुंडाळला आणि तडक चिंचवड गाठलं.

कोंडाजी टेबलाशी हात बांधून बसला होता. इस्त्री गार. मी दाराबाहेर थांबलो. आत जायचं धाडस होईना. सदरा खाली जमिनीवर ठेवला.

कोंडाजीने ते बघितलं. मग उठला, सदरा स्वतः उचलला, झटकला, कॉलर उलटून खूण बघितली.

"ह्यो आता कुटं घालनार तुमी? हापिसात तर चालत न्हाई."

"इथं यायला घालीन," मी म्हणालो. "येता-जाता चुरगळेल. मग परत आणीन."

कोंडाजीने सदरा टेबलावर पसरला आणि पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं. "वाईच बसा," तो म्हणाला. "कोळसं पेटाया येळ लागंल."

मी बसलो. मला दुसरीकडे कुठं जायचं होतं?