चार खिळे ठोकलेली खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे, मित्रांनो, आणि मी भयंकर चिडले आहे. माझ्याकडून गोडगोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मला मिलिसावने घडवलं. सर्बियातल्या या डोंगराळ गावात त्याच्या तोडीचा सुतार नव्हता. ओकाची चौकट, दोन तावदानं, पितळी कडी! रोज सकाळी तो मला सताड उघडायचा, चुलीचा धूर नि कोंदट हवा बाहेर घालवायचा आणि मगच पाव-लसूण खायला बसायचा. त्याची बायको रादोय्का मागून कटकट करायची. इथे सगळ्यांनाच वाऱ्याच्या झोताची धास्ती. मान आखडली, दात दुखला, की खापर झोतावर, म्हणजे माझ्यावर.

एका फेब्रुवारीत मिलिसाव तापाने फणफणला. त्याला धाप लागली होती. दवाखान्याचं नाव काढलं की रादोय्का म्हणायची, तिथल्या बोळकंडीत झोत असतो, ताप उतरला की नेऊ. ते तीन दिवस मी घट्ट बंद होते, हे लक्षात ठेवा. चौथ्या दिवशी तो गेला.

इथल्या रीतीप्रमाणे त्याच्या चाळिसाव्या दिवसाचं श्राद्धाचं जेवण उरकलं आणि रादोय्काने हातोडी उचलली. "माझा माणूस हिने नेला," असं शेजारणीला सांगत तिने मला चार खिळे ठोकले. तेही त्याच्याच हातोडीने! माझा नुसता जळफळाट झाला.

आता रादोय्काची नात दुन्या आठ वर्षांची आहे. हिवाळाभर खोकते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की वेळेवर झोप, साबणाने हात धुणं, लस, भाज्या, बाहेर खेळणं आणि घरात मोकळी हवा हवी. रादोय्काने सगळं मनापासून केलं. सूप आणि आंबवलेला कोबी पोरीला स्वतः भरवला. फक्त मोकळ्या हवेचा विषय निघाला की तिला ऐकूच यायचं नाही. शेजारी मात्र याच खोलीत खुशाल सिगारेटी ओढायचे. त्या धुराला कुणी खिळे ठोकले नाहीत.

गेल्या आठवड्यात दुन्याला ताप भरला, धाप लागली. सून वेस्ना तिला घेऊन दवाखान्यात निघाली, तर रादोय्का दारात आडवी. "आज नको गं. त्या बोळकंडीत झोत असतो."

वेस्ना हळूच म्हणाली, "आई, बाबांच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात."

रादोय्का बाजूला झाली. त्या दोघी गेल्यावर तिने मिलिसावच्या पेटीतली पक्कड काढली. डोक्याला रुमाल आवळला, कानांत कापूस कोंबला, एकेक खिळा उपसला आणि मला उघडलं.

दुन्या आता बरी आहे, उद्या घरी येतेय. पण माझा राग गेलेला नाही. मित्रांनो, खा, झोपा, खेळा, आजारी पडलात तर वेळेत डॉक्टरांकडे जा, आणि रोज सकाळी मला थोडा वेळ तरी उघडा. स्वतःची भीती माझ्या चौकटीत ठोकू नका.

आज वेस्ना खिळ्यांची भोकं मेणाने बुजवायला आली होती. रादोय्काने तिचा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "मला रोज दिसली पाहिजेत."